आधी कुणाचा रिपोर्ट?

गर्भनिरोधक गोळ्या सुरू कराव्यात म्हणून मी गेल्या वर्षी कर्वेनगरमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. वय २७, लग्न झालेलं नाही, हे त्यांनी फॉर्मवर वाचलं आणि त्यावर काहीही न बोलता बीपी घेतलं. अर्धशिशी आहे का, सिगरेट ओढता का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झालाय का, एवढं विचारलं. चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "गोळ्यांनी दिवस राहणार नाहीत, पण आजार अडत नाहीत. कंडोम बंद करणार असाल तर आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी, करून घ्या. दोघांची."

"दोघांची" हा शब्द त्यांनी सहज उच्चारला असेल. माझ्या मनात तो रुतून बसला, तो काकूमुळे.

काकू आमच्या दूरच्या नात्यातली, सातारा जिल्ह्यातली. तिला विचारूनच लिहितेय आणि तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. २००५ साली ती पहिलटकरीण होती. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची करतात तशी तिची एचआयव्ही तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. नवरा ट्रकवर. त्याला दवाखान्यात बोलावलं, तो गेलाच नाही. म्हणाला, "तुझ्यात निघालंय, माझ्यात नाही." त्याची तपासणीच झालेली नव्हती, त्यामुळे त्याचं बोलणं खोडायला कुणाकडे कागद नव्हता. तिच्या नावाचा कागद मात्र होता. सासूने तिचं ताट-तांब्या वेगळा केला. दोन वर्षांनी नवरा क्षयाने गेला आणि तरीही गावाच्या लेखी घरात आजार आणला तो तिनंच. बाळंतपणात तिला आणि बाळाला औषध दिलं होतं, लेक निगेटिव्ह आहे, आता कॉलेजात शिकते. काकू रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेते, दिवसा शेतात राबते, आणि तिच्या रक्तात आता विषाणू मोजता येण्याइतकाही सापडत नाही. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधं सरकारने २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली नसती तर ती आज नसती, हे ती स्वतःच सांगते.

तिच्या गोष्टीतली मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट आजार ही नाही. तिची तपासणी आधी झाली, म्हणून ती दोषी ठरली. गरोदरपणामुळे बायकाच आधी दवाखान्याच्या दारात जातात, त्यांचाच रिपोर्ट आधी येतो, आणि ज्याचा रिपोर्ट आधी त्याच्या माथी सगळं. पुण्यात तर हे कधीच कळून चुकलं होतं. इथल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. २०२० मध्ये कोविडची माहिती द्यायला टीव्हीवर दिसायचे, तेच हे गंगाखेडकर. त्या अभ्यासातल्या ज्या बायका वेश्याव्यवसायात नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. बहुतेक जणी नवऱ्याशिवाय आयुष्यात दुसरा पुरुष नसलेल्या, चारचौघींसारख्या संसार करणाऱ्या बायका. माझी काकू त्यांच्यासारखीच, फक्त काही वर्षांनंतरची.

म्हणून मी ठरवलं, तपासणी करायची तर एकाच वेळी. आधी मी नाही आणि आधी तोही नाही.

तो चाकणला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, पिंपळे गुरवला राहतो. आम्ही दीड वर्षं एकत्र होतो. एका रविवारी संध्याकाळी झेड ब्रिजवर नेहमीसारखी गाडी लावून, पाय नदीकडे करून बसलो होतो. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. हिपॅटायटिसपर्यंत तो मान डोलावत होता. एचआयव्ही म्हटल्यावर त्याने हातातला शेंगदाण्याचा पुडा बाजूला ठेवला.

"तुला माझ्यावर संशय आहे?"

"संशय नाही. माझीही करायचीय."

"तुझी कशाला? म्हणजे माझीच ना!"

मग तो म्हणाला, गणपतीत मंडळाच्या शिबिरात मी रक्त दिलंय, काही असतं तर त्यांनी कळवलं नसतं का? हे उत्तर मला तेव्हा पटलं होतं, म्हणून मी गप्प बसले. नंतर वाचल्यावर कळलं. रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासते हे खरं, पण ती तपासणी रक्त घेणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी असते, देणाऱ्याला दाखला म्हणून नसते. शिवाय लागण झाल्यावर काही काळ तपासणीत काहीच दिसत नाही, त्याला विंडो पिरियड म्हणतात. स्वतःची शंका फेडायला म्हणून रक्तदान करणं तर फारच वाईट, कारण त्या मधल्या काळातली पिशवी कुणाला तरी चढू शकते. आणि त्याचं ते रक्तदान होऊन १४ महिने झाले होते.

त्या रात्री परत येताना मी त्याला जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मी म्हटलं, "नाही केलीस तर गोळ्याही नाहीत आणि आपणही नाही."

आठवडाभर तो बोलला नाही.

त्या आठवड्यात मी एका खासगी लॅबमध्ये एकटीच चौकशीला गेले. काउंटरवरच्या मुलीने मागे वळून आतल्याला विचारलं, "एचआयव्हीचे किती घेतो आपण?" तेवढ्याने बाकावरची चार डोकी वर झाली. मी दर न ऐकताच बाहेर पडले. आणि घरी बसून करायच्या किटबद्दल वाचायला लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच स्वतः करायच्या चाचणीची शिफारस केलेली आहे. आफ्रिकेत त्यावर बरंच काम झालंय. केनियातल्या किसुमूमध्ये गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना दोन-दोन किट घरी दिली, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त जणींच्या जोडीदारांनी तपासणी केली. ज्यांना नवऱ्यासाठी नुसतं दवाखान्यात येण्याचं निमंत्रणपत्र दिलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास राहिलं. हे वाचून मला धीर आला. पण ती डबी पिशवीत घालून घरी नेणारी, योग्य वेळ शोधणारी, आधी शब्द काढणारी बाईच होती. मीसुद्धा तेच करत होते.

आमच्या भागातल्या तीन केमिस्टकडे विचारलं. एकाने प्रेग्नन्सी किट पुढे केलं, दोघांनी नाही म्हणून सांगितलं. शेवटी लंडनहून सुट्टीवर येणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं, तिने दोन किट आणली. काही न विचारता आणली, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

त्याला मी मेसेज केला. संशयाबद्दल काहीच लिहिलं नाही, काकूची गोष्ट लिहिली. लांबलचक झाली. शेवटी लिहिलं, दोन किट आहेत, एकाच टेबलावर, एकाच वेळी, टायमर एकच. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर त्याचा फोन आला. "शनिवारी येतो."

शनिवारी दोन्ही रूममेट गावी गेल्या होत्या. तो सहा वाजता आला, वडापाव घेऊन आला. मी म्हटलं, आधी खाऊन घेऊ आणि थांबू, कारण सूचनापत्रात चाचणीआधी १५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही आणि अर्धा तास दात घासायचे नाहीत असं लिहिलं होतं. आम्ही सूचना दोनदा वाचल्या, एकदा मी मोठ्याने, एकदा त्याने. क्वालिटीतला माणूस, तो प्रत्येक पायरीवर बोट ठेवत होता.

करायला काहीच अवघड नाही. एक छोटी नळी, तिच्यात थोडं द्रावण असतं, ती स्टँडवर उभी करायची. पट्टीचं मऊ टोक वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायचं. तेच टोक नळीत बुडवून ठेवायचं. मग २० मिनिटांनंतर बघायचं, पण ४० मिनिटांच्या आत. "सी" पाशी एक रेघ आली तर निगेटिव्ह. "सी" आणि "टी" दोन्हीपाशी रेघा आल्या, दुसरी कितीही फिकट असली, तरी पुढची तपासणी करायलाच हवी. "सी" पाशी रेघच नसेल तर चाचणी फुकट गेली. तोंडातून घेतात म्हणून थुंकीतून एचआयव्ही पसरतो असं कुणी समजू नये. ही पट्टी विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती हिरडीपाशीही सापडतात.

२० मिनिटांचा टायमर लावला. पहिली पाच मिनिटं आम्ही काहीच बोललो नाही. खालून कचऱ्याची गाडी गेली. मग तो टेबलाकडे न बघता म्हणाला, "माझं एकदा झालं होतं. तुझ्या आधी. गोव्यात, मित्रांबरोबर. कंडोम नव्हता."

मी काही विचारलं नाही. तोच सांगत राहिला. त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ताप आला की तो गळ्याखालच्या गाठी चाचपायचा. नेटवर लक्षणं वाचायचा आणि हिस्टरी पुसायचा. रोज कंपनीत जाताना भोसरी लागते. तिथे एमआयडीसीत १९९२ सालापासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिची पाटी आली की तो बसच्या दुसऱ्या बाजूला बघायचा. मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं तेही कुणीतरी परस्पर तपासेल आणि काही असेल तर कळवेल, म्हणून. झेड ब्रिजवरचा त्याचा राग मला तेव्हा अपमानाचा वाटला होता, ती भीती होती. चार वर्षांची जुनी, मुरलेली भीती.

टायमर वाजला. दोन्ही पट्ट्यांवर एकेक रेघ. त्याने माझी आधी पाहिली, मी त्याची. तो खुर्चीत बसून दोन्ही हातांत तोंड धरून रडला. मी त्याला असं पहिल्यांदाच पाहिलं. नंतर आम्ही भात लावला, पिठलं केलं आणि अकराला तो गेला. किट मी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

इथे संपायला हवं होतं. संपलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

सकाळी कचरा बाहेर ठेवताना मी तो कागद उघडला. का उघडला, याचं उत्तर मी नंतर बरेच दिवस शोधलं. गोवा ऐकल्यानंतर माझ्या मनात काहीतरी राहिलं होतं, एवढंच खरं. त्याच्या पट्टीवर "टी" पाशी अगदी पुसट, करडी अशी एक छाया होती. माझ्या पट्टीवर नव्हती.

४० मिनिटांनंतर वाचायचं नाही, हे मी स्वतः मोठ्याने वाचलं होतं. तरी मी बाथरूमच्या फरशीवर बसले. आणि माझ्या डोक्यात जे वाक्य आलं ते असं होतं, "म्हणजे यानेच." काकूच्या सासूचं वाक्य. कुणाचाच रिपोर्ट आधी येऊ नये म्हणून जिने एवढा खटाटोप केला, तिच्या डोक्यात एका शिळ्या पट्टीवरून निकालही लागून गेला होता.

दुपारी मी १०९७ वर फोन लावला. ही सरकारची मोफत हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, वेळेनंतरची रेघ धरायची नाही, पण मनात शंका आहे तर दोघंही आयसीटीसीत, सरकारी तपासणी केंद्रात जा, मोफत असतं. मी म्हटलं, "त्याला कसं सांगू?" त्या म्हणाल्या, "जसं मला सांगितलंत तसं."

सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "तू कचऱ्यातून काढून बघितलंस?"

"हो."

"मी तुला गोव्याचं सांगितल्यावर?"

"हो."

यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं आणि मी काही बोललेही नाही. त्याने फोन ठेवला. रात्री उशिरा मेसेज आला, मंगळवारी सुट्टी टाकलीये, किती वाजता.

आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र. सरकारी रुग्णालयांत असतं. आम्ही गेलो ते ओपीडीच्या टोकाला, औषधाच्या खिडकीच्या पलीकडे होतं. बाहेरच्या बाकावर एक गरोदर मुलगी आणि तिची आई बसली होती. मुलीच्या हातात फाइल होती. तिच्याबरोबर नवरा नव्हता. मला तिच्याकडे बघवेना.

मला वाटलं होतं आम्हाला एकत्र आत घेतील. समुपदेशक मॅडमनी एकेकाला बोलावलं, दार लावून घेतलं. नाव, वय, किती जोडीदार, कंडोम नेहमी की अधूनमधून, कधी रक्त चढवलंय का, टॅटू काढलाय का. प्रश्न उघड होते, पण आवाज भाजीचा भाव विचारावा इतका साधा, त्यामुळे लाजायला जागाच राहिली नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतःच्या इच्छेने आलाय ना?" मी हो म्हटलं. "आणि ते?"

मी म्हटलं, तोही. आणि मग मला माझं झेड ब्रिजनंतरचं वाक्य आठवलं, ते मी त्यांना सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, २०१७ चा कायदा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झालाय, माणसाच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही. "मी त्यांना एकटं विचारीन. ते नको म्हणाले तर मी करणार नाही, आणि ते काय म्हणाले हे तुम्हाला सांगणारही नाही. तुमचं त्यांना सांगणार नाही." असं आहे हे ऐकून मला आधी धक्का बसला आणि मग बरं वाटलं. हाच नियम काकूच्या बाजूनेही उभा राहिला असता. माझ्या मनात कायम तपासणी टाळणारा नवरा होता, ढकलला जाणारा माणूस म्हणून मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. मला त्याची तपासणी हवी होती, त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण हवी असणं वेगळं आणि धमकी देणं वेगळं, तो फरक मला त्या खोलीत कळला. "तू नाही केलीस तर मी कंडोमशिवाय तयार नाही" एवढं म्हणायचा माझा हक्क होता, तेवढंच म्हणायला हवं होतं.

पट्टीचंही विचारलं. वेळ उलटून गेल्यावर पट्टी वाळते, तेव्हा दिसणाऱ्या खुणेला अर्थ नसतो, असं त्या म्हणाल्या. आणि खरीच दुसरी रेघ आली असती तरी तेवढ्यावर कुणी पॉझिटिव्ह ठरत नाही. इथे पहिल्या चाचणीत काही दिसलं तर वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या करतात आणि मगच रिपोर्ट देतात. निगेटिव्हलाही मर्यादा असतेच. शेवटचा असुरक्षित संबंध कधी, ते सांगून तीन महिन्यांनी परत यावं लागतं. आमच्यात तीन आठवड्यांपूर्वी एकदा कंडोम वापरला नव्हता. मॅडमनी कॅलेंडर बघून कागदावर तारीख लिहून दिली.

तो आत बराच वेळ होता. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "असं काही झालं तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं, २८ दिवस घ्यायचं असतं. मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही." कुणाला विचारणार होता तो? मित्रांना? रक्त दिलं. गरोदर मुलगी एव्हाना निघून गेली होती, तिच्या जागी दोन कॉलेजची पोरं बसली होती, दोघंही मोबाइलमध्ये मान घालून.

दुपारी रिपोर्ट मिळाले. पुन्हा एकेकट्यालाच आत बोलावलं, पुन्हा दार बंद. माझा निगेटिव्ह. मी बाहेर येऊन कागद उघडाच हातात धरून उभी राहिले. तो बाहेर आला तेव्हा त्याचा कागद चौघडी घालून शर्टाच्या खिशात होता. मी मागितला नाही. खरं सांगायचं तर शब्द जिभेच्या टोकाशी आले होते, पण नाही मागितला. आम्ही पार्किंगपर्यंत चालत गेलो. गाडीला किल्ली लावताना त्याने तो काढून माझ्या हातात दिला. "नीट वाच. वेळेत वाच," म्हणाला. निगेटिव्ह होता. त्याच्या आवाजात कचऱ्याच्या डब्याचा राग अजून होता आणि तो असणं योग्यच होतं.

राहिलेल्या दोन तपासण्या, हिपॅटायटिस बी आणि व्हीडीआरएल, त्याच आठवड्यात झाल्या. त्यात काही निघालं नाही. गोळ्या मी लगेच सुरू केल्या नाहीत. तीन महिने कंडोम, मग तारखेला परत आयसीटीसी. मधल्या काळात आमच्यात दोनदा कडाक्याचं भांडण झालं, दोन्ही वेळा विषय दुसराच होता आणि दोन्ही वेळा तो फिरून त्या पट्टीवर आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी माफी मागितली, पट्टी उघडल्याबद्दल आणि पुलावरच्या धमकीबद्दलही. तपासणी मागितल्याबद्दल मागितली नाही. त्यालाही ती नको होती.

तीन महिन्यांनी गेलो तेव्हा मॅडमनी ओळखलं, पण बाहेर सगळ्यांसमोर ओळख दाखवली नाही. दोघांचेही रिपोर्ट पुन्हा निगेटिव्ह.

त्या संध्याकाळी मी काकूला फोन केला. ती गोठ्यात होती, धार काढून झाली होती, मागे वासरू हंबरत होतं. मी सांगितलं, काकू, झालं, दोघांचं चांगलं आलं.

तिने पहिल्यांदा विचारलं, "एकदमच गेलावता न्हवं?"

"हो काकू, एकदमच."

"मग बरं," म्हणाली, आणि लेकीच्या परीक्षेचं सांगायला लागली.